मापाला उभी केलेली बाई

पडद्यावरच्या फोटोत मीच उभी होते. डोक्याला फडकं, हातात हातोडा, मागं घोडबंदरच्या खदानीची उभी भिंत. हॉलमध्ये अंधार केलेला. मी मागच्या दाराशी पाण्याचा जग घेऊन.

पुढं बोलणारे साहेब म्हणाले, "बाईकडे बघू नका. बाई नुसती मापाला आहे, तिच्यावरून भिंतीची उंची कळते."

सगळे हसले.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट सांगतेय. भाईंदरला भूगर्भवाल्यांची परिषद होती. बाहेर कापडी फलक, 'भूसंपदा आणि समाज'. अक्षर अक्षर लावत वाचला मी, पोरीच्या पुस्तकावरून शिकलेली ना! जेवण खदानीच्या मालकाचं, म्हणून मुकादमानं मला आणि माझ्यासंगं खडी फोडणाऱ्या गयाबाईला पाणी वाटायला धाडलेलं.

फोटो काढायला हेच साहेब खदानीवर आले होते. "इथं उभी राहा गं." आमच्या मराठवाड्यातल्या गावात वरच्या जातीवाल्यांकडून ऐकायचे, लांब उभी राहा. इथंही उभं करणारे तेच. तरी मी म्हटलं, "साहेब, वर भेग बघा. आधी बोट जायचं, आता पंजा जातोय. खाली आम्ही बारा जणी खडी फोडतो."

"हलू नकोस. फोटो बिघडतो."

आणि आता माईकवर, खदानीच्या मालकाकडे बघत, काय म्हणतात? "एकसंध खडक. बिनघोर काम करा."

बिनघोर! जग आदळलाच मी टेबलावर. "साहेब, भेग तुमच्याच फोटोत दिसतेय! माझ्या डोक्यावर बघा!"

अंधारातून कुणीतरी, "अरे, स्केल बोलायला लागली!" पुन्हा हशा. साहेब म्हणाले, "मावशी, पाणी वाटा."

गयाबाई पदर ओढतेय, "चल गं, काम जाईल."

"जाऊ दे. साहेब, पाणी उठून घ्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही बारा जणी भिंतीखाली गेलोच नाही. खदानीच्या तोंडाशी, उन्हात बसलो. गयाबाईसुद्धा. मुकादम ओरडत आला, "साहेबांनी कागद दिलाय, भिंत पक्की हाय!"

मी म्हटलं, "मग कागद घेऊन तू बस तिथं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बस. मागोमाग आम्ही येतो."

नाही बसला. आईबहिणीवरून शिव्या दिल्या, पण भिंतीखाली पाऊल नाही टाकलं.

मला कामावरून काढलं. लोक अजून विचारतात, भिंत पडली का हो मग? अरे, पडायची वाट कशाला बघायची? आमची मढी मोजल्यावरच आम्ही खऱ्या ठरणार का? सांगणारा स्वतः जिथं बसत नाही, तिथं मी बसणार नाही. पोरीलाही बसू देणार नाही.