घोडी बघायला गेलेल्या बाई

घोड्याच्या मानेवर एकदा थोपटायचं, खांद्याच्या पिशवीतून रुमाल काढून हात पुसायचे आणि मालकाच्या डोळ्यांत बघून म्हणायचं, "नाही घेणार. कारण सांगू?"

कोल्हापूरच्या आसपास मधल्या काळात ज्यांनी ज्यांनी घोडा विकायला काढला, त्यांतल्या बऱ्याच जणांनी बाईंचं हे वाक्य ऐकलेलं आहे. आपल्याकडे अशी रीत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. म्हैस असो, ट्रॅक्टर असो, नाहीतर भाड्याची खोली असो, आपण चहा पितो, "बरं हाय, कळवतो," म्हणतो आणि गाडीत बसतो. समोरचाही काय ते समजतो. कुणाचं तोंड कडू होत नाही.

बाईंना हे मान्य नव्हतं. मी कितीदा समजावलं. "अहो बाई, नुसतं कळवते म्हणा आणि चला." त्या म्हणायच्या, "डॉक्टर, मी आयुष्यात कुणाला कळवते म्हणणार नाही."

मी गुरांचा डॉक्टर. माझं आयुष्य म्हशींच्या मागे उभं राहण्यात गेलं. घोडे मला कळतात ते जेवढ्यास तेवढे. पण जिल्ह्यात म्हशींचे डॉक्टर पुष्कळ आणि घोड्याच्या जवळ जायला न घाबरणारे थोडे, म्हणून कुणीतरी बाईंना माझं नाव सांगितलं. राजारामपुरीत त्या एका क्लासमध्ये गणित शिकवत. पहिल्यांदा दवाखान्यात आल्या तेव्हा बोटांना खडू होता. म्हणाल्या, "मला घोडा घ्यायचाय. उडी मारणारा."

मी विचारलं, "कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

पन्नाशी उलटलेली, बारीक चणीची बाई. लग्न झालेलं नव्हतं. आई-वडिलांचं आजारपण काढता काढता केस पांढरे झाले आणि ते दोघे गेल्यावर, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, "रविवार फार मोठा व्हायला लागला." एका विद्यार्थिनीची घोडेस्वारी बघायला म्हणून गावाबाहेरच्या मैदानावर गेल्या आणि दुसऱ्या आठवड्यात स्वतःच नाव घालून आल्या. आठ-दहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत शेवटी या. सपाट इंग्लिश खोगीर, पायात उंच बूट, डोक्यावर हेल्मेट. दोन-तीनदा पडल्या. पण आडव्या दांडीवरून पहिली उडी मारली तेव्हा घरी जाऊन कुणाला सांगावं हेच कळेना, म्हणून शेजारच्या किराणावाल्याला सांगितलं. त्याने विचारलं, "लागलं का?"

मग स्वतःचा घोडा कशाला, असं मी विचारलं होतं. घोडेस्वारीच्या क्लासमध्ये घोडे आहेत की. त्या म्हणाल्या, "तिथे दर रविवारी निराळा घोडा मिळतो. दर रविवारी नव्याने ओळख करून द्यायची. मला ओळखणारा एक घोडा पाहिजे."

अशी आमची शोधमोहीम सुरू झाली. गाडी माझी, पेट्रोल त्यांचं. उडीसाठी घोडा निवडणं हे नुसतं देखणेपणाचं काम नाही. नवशिक्या स्वाराला फार तरुण घोडा चालत नाही, तो धन्याआधी स्वतःच घाबरतो. फार उंच नको. डोकं शांत पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढचे पाय, कारण उडीनंतर अख्खा भार त्यांच्यावर येतो. हे सगळं मी पहिल्याच रविवारी सांगितलं आणि बाईंनी प्रमेयासारखं पाठ केलं.

बिद्रीजवळ एकाने कानांची टोकं एकमेकांना भिडलेला, पांढराशुभ्र घोडा दाखवला. हलगीवाला बोलावून ठेवला होता. हलगी वाजली तसा घोडा मागच्या पायांवर उभा राहून नाचायला लागला. सगळी गल्ली गोळा झाली. बाईंनी शेवटपर्यंत पाहिलं, टाळ्याही वाजवल्या. मग मान थोपटून रुमाल काढला.

"नाही घेणार. कारण सांगू? हा फार सुंदर नाचतो. पण मला उडी मारायचीय."

मालक म्हणाला, "उडी कशाला वो बाई? कुंपणाला दार हाय की."

एकाने शर्यतीतून काढलेला उंच घोडा दाखवला, त्याच्या पायाची शीर सुजलेली. एकाने 'अगदी गरीब' म्हणून दाखवलेल्या घोड्याने माझ्या दंडाला चावा घेतला. बाई प्रत्येक ठिकाणी तोंडावर नकार आणि त्याचं कारण देऊन बाहेर पडायच्या. सुरुवातीला लोक रागावायचे. मग हळूहळू घोडेवाल्यांत त्यांचं नावच झालं. जनावरांच्या बाजारात मला लोक सांगायचे, "डाक्टर, ती तुमची बाई. डोक्याला ताप, पण खरं बोलत्या."

आणि कुठेही गेलं तरी त्या पोहे खायच्या नाहीत. चहा घ्यायच्या, पोह्यांची बशी बाजूला सरकवायच्या. एकदा परतताना मी चिडून म्हटलं, "त्या माउलीने एवढे प्रेमाने केले होते. दोन घास खाल्ले असते तर काय बिघडलं असतं?"

त्या म्हणाल्या, "माझ्या लग्नाच्या वयात मी किती पोहे केले असतील, डॉक्टर. पाहुणे यायचे, खायचे, मला चालायला लावायचे, काहीतरी वाचायला लावायचे. आणि उठताना म्हणायचे, कळवतो. बाबा रोज दुपारी पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसायचे. एकानेही कधी नाही म्हणून कळवलं नाही. नाही म्हटलं असतं तर बाबा निदान झोपले तरी असते."

त्या दिवसापासून मी त्यांना 'कळवते म्हणा' असं सांगायचं सोडलं.

ती घोडी आम्हाला गडमुडशिंगीत मिळाली. नवरा-बायको दोघेच घरात, दारात चार म्हशी. म्हशींमुळे मी त्यांना आधीपासून ओळखत होतो. घोडी मुलाने हौसेने आणलेली, आणि मुलगा चाकणला कारखान्यात लागला तो तिकडचाच झाला. तांबूस रंगाची, मध्यम उंचीची, ऐन वयातली घोडी. बघायला खूप लोक येऊन गेले होते आणि सगळ्यांनी माघार घेतली होती, कारण तिच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा होता. जुनी माणसं त्याला आसूढाळ म्हणतात. असं जनावर घेतलं तर धन्याच्या घरात रडं येतं, अशी समजूत आहे.

मालकाने लपवलं नाही. "बाई, आसूढाळ हाय बरं का. मागनं म्हणू नगासा."

बाई म्हणाल्या, "भोवऱ्याने उडी अडत नाही. आणि माझ्या घरात रडायला दुसरं आहे कोण?"

घोडीने बाईंचा हात हुंगला आणि बोटांवरचा खडू चाटायला लागली. एकेक बोट नीट चाटून घेतलं. बाई हात पुढे करून उभ्या. मी तोवर म्हशी बघायला वळलो होतो. मागे वळून पाहतो तर यांनी दोन घमेली पालथी घालून त्यांवर बांबू आडवा टाकलेला आणि स्वतः घोडीवर बसलेल्या. घोडी दुडकत आली, कान पुढे केले आणि बांबूला खूरही न लावता पलीकडे गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. बाई मोठ्याने हसत होत्या. मी त्यांना असं हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं. मालकीणबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "अगंबाई, हिला ह्ये कुनी शिकिवलं?"

मला ते तसंच ठेवता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला नेलं होतं ते पाय बघायला. घोड्याचा पुढचा पाय उचलून सांधा थोडा वेळ मुडपून धरायचा आणि सोडल्यासोडल्या त्याला पळवायचं, अशी एक तपासणी असते. दुखणं आत दडलेलं असेल तर पहिल्या पावलांत बाहेर येतं. डावा पाय ठीक निघाला. उजवा सोडला आणि घोडी लंगडली. मी पुन्हा केलं, पुन्हा लंगडली. जुना मार होता. सावकाश चालायला, हलकं माणूस घेऊन फिरायला हरकत नव्हती. पण उड्या मारायला लावल्या असत्या तर वर्षभरात पाय कायमचा गेला असता. बाईंना बाजूला घेऊन मी हे सगळं सांगितलं.

त्या घोडीपाशी गेल्या. मानेवर थोपटलं. रुमाल काढला. नवरा-बायको दोघेही समोर उभे. मी वाट बघत होतो. बाईंनी हात पुसले, रुमालाची घडी घातली, ती पुन्हा उलगडली आणि म्हणाल्या,

"कळवते."

परतताना उचगाव आलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी इतकी वर्षं त्या सगळ्यांना भेकड समजत होते. त्यांतल्या एखाद्याला खरंच नाही म्हणवलं नसेल हो."

मला वाटलं, दोन दिवसांत फोन करतील. त्यांनी केला नाही. मीही आठवण करून दिली नाही. नंतर त्याच घरी म्हैस अडली म्हणून गेलो, तर घोडी धुऊन पुसून चकचकीत केलेली, आयाळीला तेल लावलेलं. मधल्या काळात सांगलीकडचा एकजण भोवऱ्याची पर्वा न करता घोडी मागायला आला होता. यांनी त्याला परत लावलं होतं.

मी कपाळाला हात लावला. "अहो पण का?"

मालक म्हणाला, "बाईनी घेतल्या न्हवं आमची घोडी."

"असं कधी म्हणाल्या?"

"न्हाई म्हणायचं आसलं की ती बाई तोंडावर म्हणत्या. साऱ्या मुलखाला ठावं हाय. आमास्नी न्हाई म्हणाली न्हाई. मग व्हयच की."

घोडं कुठे पेंड खात होतं ते आता माझ्या लक्षात आलं. इतर कुणी 'कळवते' म्हटलं असतं तर या माणसाने त्याच संध्याकाळी आशा सोडली असती. बाईंच्या खरेपणावर विश्वास ठेवून तो फसला होता. मी रस्त्यावरूनच बाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग आवाज आला, "रविवारी जाऊ. मी सांगते त्यांना."

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा मालकीणबाई ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी. घोडीच्या कपाळाला हळदकुंकू. सुपात नारळ, गहू, खण, अशी ओटीची सगळी तयारी. लेक सासरी निघावी तसं घरात वातावरण. बाई बोलायच्या आधीच ती घोडीच्या गळ्यात पडली. "नीट ऱ्हा गं बाई. चाऱ्याला नाक मुरडू नगंस." आणि बाईंकडे वळून म्हणाली, "लई लोकांनी नाव ठिवलं हिला. तुमी पदरात घेतलासा."

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी घोडीच्या मानेवर हात ठेवला होता. रुमाल पिशवीतच राहिला.

"हिला खायला काय आवडतं?" बाईंनी विचारलं.

म्हणजे घोडी घेतली. मी परतताना रागावलो, आणि चांगलाच रागावलो. "गणिताच्या बाई ना तुम्ही? उत्तर समोर होतं."

"तुमचं उत्तर बरोबर होतं. मला ते लिहवलं नाही."

"आणि उड्या?"

"उड्या राहिल्या."

यावर त्यांनी पुढे कधी चकार शब्द काढला नाही. पण त्या राहिलेल्या उड्यांचं दुःख त्यांना झालं होतं, हे मी खात्रीने सांगतो. घोडेस्वारीचा क्लास त्यांनी सोडला. रविवार एकच, तो दोन ठिकाणी कसा वाटायचा? क्लास सुटला तशी घोडी ठेवायला जागाही उरली नाही, त्यामुळे ओटी भरून, डोळे पुसून पाठवणी झालेली ही लेक माहेरच्याच गोठ्यात राहिली. बाई सिटी बसने जायच्या. खरारा करायच्या, थोडं फिरवायच्या. आधी आधी पाठीवर बसून, मग पायाची काळजी वाटायला लागली तशा उतरून, लगाम हातात धरून. शेतातली माणसं चेष्टा करायची. "बाई, घोडी तुमास्नी फिरवत्या का तुमी घोडीला?" त्या म्हणायच्या, "दोघी फिरतो." पिशवीत कायम एक खडू असायचा. घोडीला खडू देऊ नका, हे मी सांगून थकलो.

पुढे गणिताच्या क्लासच्या जिन्यावरून त्या पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. एकटीने राहणं जमेना, म्हणून भाचा पुण्याला घेऊन गेला. उंच इमारतीतला फ्लॅट, घरातली सगळी दिवसभर बाहेर. अधूनमधून त्यांचा फोन येतो. स्वतःच्या पायाबद्दल काही सांगत नाहीत, घोडीच्या पायाचं विचारतात. मी सांगतो, बरी आहे, खाते-पिते. ती मला बघून मान वर करते आणि माझ्या मागे कुणी आहे का ते बघते, एवढं मात्र मी त्यांना सांगत नाही.

त्या पडण्याआधीचीच गोष्ट. मी एका म्हशीला सलाईन लावून उसाच्या बांधाने परत येत होतो. पुढे लांबवर बाई आणि घोडी जात होत्या. वाटेत पाण्याचा पाट आडवा आला. रुंदी फार नव्हती. बाई थांबल्या. त्यांनी घोडीचा उजवा पाय खाली वाकून चाचपला, लगाम सैल सोडला, चार पावलं मागे आल्या, ओढणी कमरेला खोचली, आणि एकट्याच धावत जाऊन पाटावरून उडी मारली. पलीकडे जरा धडपडल्या. सावरून वळल्या आणि हात पुढे करून उभ्या राहिल्या. घोडी पाण्यात उतरून सावकाश, एकेक पाय टाकत पलीकडे गेली.