चावी फिरवून जरा थांबा

थंडी पडली की सासऱ्यांची जुनी गाडी सकाळी सुरूच व्हायची नाही. ते मात्र तिच्यावर कधी चिडले नाहीत. "तिला थंडी वाजते गं," म्हणायचे. बंगळूरची थंडी ती काय! पुण्याहून या घरात आलेली मी हसायचे.

घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. दर रविवारी ते सासूबाईंना आनेकलला त्यांच्या बहिणीकडे घेऊन जात. आठवडाभर त्याचीच वाट बघत. "आता विकून टाकू," असं नवऱ्याने म्हटलं की अण्णांचा चेहरा एवढासा व्हायचा. मला ते बघवत नसे.

मेकॅनिक यायचा तेव्हा गाडी शहाण्यासारखी सुरू व्हायची. माझ्या हातूनही व्हायची. त्याने समजावलं, पंप जुना झालाय, रात्रभरात पेट्रोलचा दाब उतरतो. चावी आधी अर्धीच फिरवायची. मागच्या सीटखाली पंप दोन-तीन सेकंद घूं करतो. तो गप्प झाला की मगच गाडी सुरू करायची. नवा पंप मिळेपर्यंत एवढं पाळा.

रविवारी पुन्हा नुसतीच गुरगुर. मी अण्णांच्या शेजारी जाऊन बसले.

"अण्णा, आवाज थांबेपर्यंत थांबा ना!"

"सरी, सरी, बरं," म्हणत त्यांनी चावी फिरवली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी मान हलवली, त्यांनी गाडी सुरू केली. झाली की!

मला शंका आली. "बंद करून पुन्हा करा बघू." या वेळी मी मान हलवलीच नाही. पंप कधीच गप्प झाला होता आणि अण्णा माझ्याकडे बघत तसेच बसले होते.

 मला भयंकर राग आला. आनेकलच्या वाटेवर, होसूर रोडला मागून लॉऱ्या हॉर्न देतात, आणि हे सासूबाईंना शेजारी बसवून असे निघतात! मी चावी काढून घेतली.

"त्याला सांगू नकोस," नवऱ्याच्या खोलीकडे बघत ते हळूच म्हणाले.

"नाही सांगत. पण कान तपासल्याशिवाय चावी मिळणार नाही."

दोन दिवस अबोला. जेवताना माझ्यासमोरचं मीठसुद्धा त्यांनी सासूबाईंकडे मागितलं. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले. "चल," एवढंच म्हणाले.

कानात यंत्र बसल्यावरचा पहिला रविवार. मी चावी दिली, सासूबाई शेजारी बसल्या. अण्णांनी चावी अर्धी फिरवली. घूं झालं, थांबलं. त्यांनी ती बंद करून पुन्हा फिरवली, पुन्हा ऐकलं. डोळे भरले होते त्यांचे.

"अगं, ही इतके दिवस बोलत होती!"

"मी पण बोलतच होते," सासूबाई म्हणाल्या.

त्यावर अण्णांनी पटकन गाडी सुरू केली. पहिल्याच झटक्यात.