दोन डाव्या बाह्या

सहा आठवडे दवाखान्यात काढून मास्तरांनी दुकानात पाऊल टाकलं, तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. फक्त कात्री नव्हती. कापायच्या टेबलावर, खडूच्या डबीशेजारी, तिची जागा वर्षानुवर्षं ठरलेली. तिथं आता बटणांचा डबा ठेवला होता.

मास्तर म्हणजे कोणी मिशाळ गृहस्थ नव्हेत. चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधणारी ही चौपन्न वर्षांची बाई. वडील शिंपी, त्यांच्यामागं कापड कापायचं काम थोरल्या लेकीकडे आलं आणि त्याबरोबर लोकांच्या तोंडचं ‘मास्तर’ हे नावही. धाकटा भाऊ गिऱ्हाईक सांभाळायचा, भावजय मशीन चालवायची. कापणं मात्र मास्तरांचंच. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याचा कोणता खांदा उतरता आहे हे त्यांनी हेरलेलं असायचं, आणि तोंडावर सांगूनही टाकलेलं असायचं.

मग आजारपण आलं. आलं तेही हसतखेळत, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही. आधी झोप गेली. मास्तर दोन तास झोपून टुणटुणीत उठायला लागल्या, आणि उत्साह इतका की हाताला कापड पुरेना. दुकानाचे पडदे उतरवून त्यांनी पाच जाकिटं बेतली. पोस्टमननं साधी पँट शिवायला टाकली होती, तिला नऊ खिसे लावले. त्यानं ती कौतुकानं घेतली, आजही तीच घालतो, आणि कोणी परत मागेल की काय म्हणून बिचकून असतो. तिसऱ्या आठवड्यात मात्र वारा गेलेल्या फुग्यासारखं सगळं बसलं. मास्तर बोलेनात, जेवेनात, अंथरुणातून उठेनात. शेवटी भावानं उचलून दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आजाराला नाव दिलं, बायपोलर. गोळ्या लावून दिल्या, झोपेची वेळ बांधून दिली, आणि निघताना म्हणाल्या, “गोळी चुकवायची नाही, झोप चुकवायची नाही. बाकी तुमचं काम तुम्ही खुशाल करा.” हे वाक्य मास्तरांनी घरी पोचेपर्यंत भावाला तीनदा ऐकवलं.

आणि आता समोर बटणांचा डबा.

“ताई, तू सध्या काज-बटणं बघ,” भाऊ हातातला टेप उगाच गुंडाळत म्हणाला.

“कात्री कुठंय?”

“धार लावायला दिलीय.”

“मग खणाला कुलूप कशाला लावलंयस? आत धार पळून जाईल?”

भावानं टेप उलगडला आणि पुन्हा गुंडाळला. कुलूप चांगलं मोठं होतं, गोदामाला शोभेल असं, आणि त्याची किल्ली त्यानं गळ्यात अडकवली होती.

भाऊ दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर सोपं झालं असतं, चार शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. तो घाबरला होता. अशा माणसांच्या हाती धारदार काही देऊ नये, असं कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. वास्तविक मास्तरांच्या कात्रीनं आजवर एकच माणूस जखमी झाला होता: त्या स्वतः, वयाच्या नवव्या वर्षी, डाव्या अंगठ्याला. तेव्हा पट्टी बांधता बांधता वडिलांनी दुकानाचा नियम घालून दिला होता. कात्री देताना पाती आपल्या हातात धरायची आणि मूठ समोरच्याकडे करायची. घाई असो, भांडण असो, दोघा भावंडांनी तो नियम कधी मोडला नव्हता. आता भावजयीला कात्री लागली की भाऊ खण उघडायचा, ती पाठीमागं लपवायचा आणि मास्तरांना लांबून वळसा घालून जायचा. मास्तरांना ते दिसायचं आणि अपमानानं कानशिलं तापायची.

बटणं लावून लावून त्या कंटाळल्या, पण कंटाळा परवडला. आठव्या दिवशी घरी काकडी चिरायला त्यांनी सुरी उचलली आणि क्षणभर स्वतःच्याच हाताकडे संशयानं पाहिलं. आजारानं जे केलं नव्हतं ते त्या कुलपानं केलं होतं. त्या दिवशी मास्तर खरोखर घाबरल्या. आणखी महिनाभर कात्री मिळाली नाही तर ती मागायची हिंमतच आपल्यात उरणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसलं.

त्यात भावाच्या थापा. ‘मनाच्या आजाराचा दवाखाना’ हे शब्द काही त्याच्या तोंडून फुटत नव्हते, म्हणून मास्तर कुठं आहेत असं जो विचारील त्याला सुचेल ते सांगून त्यानं वेळ मारून नेली होती. कोणाला काय सांगितलं हे लक्षात ठेवणं मात्र त्याला जन्मात जमलं नव्हतं.

गुरुवारी अकराच्या सुमाराला तिघं एकदम दुकानात शिरली.

पुढं होत्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई. कपड्यांची घडी मोडू नये म्हणून या बाई दुकानात कधी बसतही नसत. त्यांनी पर्समधून लोकरीची इवलीशी टोपी काढून टेबलावर ठेवली. “तुमच्या भाचीच्या बाळाला. मुलगा की मुलगी ते कळलं नाही, म्हणून पिवळी विणली.”

मास्तरांना भाची नव्हती.

पोस्टमननं सातव्या खिशातून कसल्याशा पाल्याची पुडी काढली. “काविळीवर अक्सीर आहे, मास्तर. डोळे अजून जरा पिवळेच वाटतात.”

तिसरा जादूगार, दुकानाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्याच्या कोटाला अकरा चोरखिसे, आणि ते कुठं आहेत हे जगात फक्त त्याला आणि मास्तरांना ठाऊक. तो आला होता नव्या कोटाचं माप बघायला, पण आधी त्यानं हातातली काठी अदबीनं पुढं केली. “पाय कसा आहे? ही वापरा. फक्त मूठ दाबू नका, फुलं बाहेर येतात.”

मास्तरांनी टोपी पाहिली, पाला पाहिला, काठी पाहिली. मग भावाकडे पाहिलं. भाऊ अस्तराच्या ताग्यामागं अतिशय मन लावून काहीतरी शोधत होता. भावजयीनं मशीन थांबवलं आणि पदर तोंडाला लावला.

“म्हणजे मला कावीळ झाली,” मास्तर म्हणाल्या, “त्यात पाय मोडला, आणि तशी लंगडत जाऊन मी बाळंतपण उरकून आले.” त्यांना हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी असं पोटातून हसू आलं होतं, आणि त्या हसण्यातच पुढचं बोलणं सोपं होऊन गेलं. “त्यातलं काही नाही. मनाचा आजार झाला होता. सहा आठवडे त्याच्या दवाखान्यात होते. सकाळी एक गोळी, रात्री दोन. आता बरी आहे.”

ताग्यामागची खुडबूड थांबली.

पोस्टमननं हळूच खाली आपल्या पँटकडे पाहिलं. “मग ही...”

“आजारात शिवली. जास्तीचे खिसे उसवून देऊ?”

“छे, छे,” म्हणत त्यानं दोन्ही हात खिशांत घातले आणि दोन पावलं मागं सरकला.

मुख्याध्यापिकाबाईंनी टोपीची लोकर बोटानं सारखी केली. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “रात्रीच्या गोळीनं सकाळी तोंड कोरडं पडतं का हो?”

“पडतं. उशाशी पाणी ठेवायचं. माझं हळूहळू कमी झालं. तुमचं नाही झालं तर डॉक्टरांना सांगा.”

‘माझं नाही, बहिणीचं’ असं काहीसं म्हणायला बाईंनी तोंड उघडलं. मग त्यांनी नुसती मान हलवली, स्टूल ओढलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या दुकानात बसल्या. भावजय पाण्याचा पेला घेऊन आली.

“हे सगळं ठीक आहे,” जादूगार म्हणाला, “पण मास्तर, गेल्या आठवड्यात शिवायला टाकलेला माझा कोट तुम्हीच कापलात ना? रविवारी प्रयोग आहे.”

मास्तरांनी बटणांच्या डब्याकडे बोट दाखवलं. भावाच्या तोंडचं पाणी पळालं. कोट त्यानं स्वतः कापला होता, मंगळवारी, बहीण घरी जेवायला गेली असताना. काढावाच लागला. निळी मखमल, टाके कच्चे. जादूगारानं तो चढवला, डावा हात झोकात फिरवला, उजवा पुढं घ्यायला गेला आणि कोटानंच त्याला मागं ओढलं. त्यानं पुन्हा जोर केला. कॉलर कानाला लागली.

मास्तर उठल्या आणि त्यांनी उजव्या बाहीवरून एकदा हात फिरवला. दुसरी बाही कापताना नमुना पालथा करून ठेवायचा असतो. भावानं तो होता तसाच पुन्हा ठेवला होता. मखमलीला उलटसुलट बाजू असते, फिरवून लावायची सोय नाही.

“दोन्ही डाव्या आहेत,” त्यांनी जाहीर केलं. “माझं डोकं फिरलं होतं ना, तेव्हासुद्धा दोन डाव्या बाह्या मी कापल्या नाहीत.”

पहिल्यांदा भावजय फुटली, मग पोस्टमन, मग चक्क बाई. जादूगाराला हसताना हात वर करता येईना, त्यामुळं सगळे आणखीच हसले. सर्वांत शेवटी भाऊ हसला, आणि हसता हसता त्यानं बाहीनं डोळे पुसले.

“मखमल किती उरलीय?” मास्तरांनी विचारलं. भावानं पट्टा दाखवला. “बाही एका तुकड्यात नाही बसायची. दोन तुकडे करू, जोड आतल्या बाजूला घेऊ. जोडात एक खिसा ठेवते.”

“बारावा?” जादूगाराचे डोळे चमकले.

“बारावा.” मास्तरांनी बटणांचा डबा टेबलावरून उचलून खाली ठेवला आणि भावापुढं हात केला. “कात्री.”

भावानं गळ्यातली किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. कात्री त्यानं बाहेर काढली. मग वळसा न घालता तो सरळ बहिणीसमोर आला, पाती आपल्या हातात धरली आणि मूठ तिच्याकडे केली.

मास्तरांनी मूठ धरली. त्याच्या हातून पाती लगेच सुटेनात.

“ताई, मी कावीळ सांगायला नको होती.”

“कावीळ एक वेळ चालली असती रे. भाची कुठनं आणलीस? सोड आता, बोट कापेल.”

त्यानं सोडली. कात्रीचं ओळखीचं वजन हातात आलं, हात जराही हलला नाही, आणि मास्तरांना इतका आनंद झाला की डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांनी मखमल कापता येत नाही, म्हणून त्या घाईघाईनं टेबलावर चष्मा शोधू लागल्या.

“कपाळावर,” दुकानातली सगळी माणसं एकदम म्हणाली.