मिशीवर निवडलेली टीम

मला तेराव्या वर्षी मिशी फुटली आणि खेळाच्या शिट्टीसरांनी मला हॉकीपटू ठरवून टाकलं. माझं वाटोळं त्याच दिवशी सुरू झालं.

आज सकाळी सर गेले.

शाळेच्या ग्रुपवर हार घातलेले फोटो फिरतायत. "घडवणारे हात गेले" म्हणे.

कुणाला घडवलं ओ? आधीच घडलेली पोरं उचलायची, याला घडवणं म्हणतात होय?

बहात्तरचा दुष्काळ. नळदुर्गच्या आमच्या शाळेत सरांची सिलेक्शनची पद्धत ठरलेली. मैदानाकडच्या भिंतीवर गेरूची आडवी रेघ. पोरानं भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. डोकं रेघेला लागलं तर टीममध्ये. नाही लागलं तर, "पुढच्या वर्षी ये."

खेळ नंतर. आधी रेघ.

माझं डोकं रेघेच्या वर गेलं. वडील सोसायटीत सेक्रेटरी, दुष्काळातही घरात दूध होतं.

बाळूचं दोन बोटं खाली राहिलं. बाळू अणदूरचा, माझ्याच वर्गातला. त्याची आई आणि बहीण हायवेच्या कामावर खडी फोडायच्या. तिथं खायला मिळणाऱ्या सुकडीवर घर चालायचं.

शाळेच्या रजिस्टरात आम्हा दोघांची जन्मतारीख एकच. एक जून. अर्ध्या वर्गाची तीच, हेडमास्तरांनी टाकलेली.

कागदावर दोघं सारखे. अंगानं मी बाप्या, तो लेकरू.

आणि खेळ? बाभळीच्या वाकड्या फांदीची स्टिक घेऊन बाळू पाच पोरांतून बॉल असा काढायचा, की आपण मागं वळून बघेपर्यंत गोल झालेला असायचा.

मी म्हणालो, "सर, बाळूला घ्या की. आमच्यात सगळ्यात भारी तोच हाय."

"भारी हाय रे. पण अंगात काय हाय त्याच्या? लातूरच्या पोरांनी नुसता खांदा लावला तरी फुफाट्यात लोळंल."

"वाढंल की, सर."

"वाढला की घेऊ. मला कप आत्ता पायजे."

दर वर्षी बाळू भिंतीपाशी उभा राहायचा. दर वर्षी सर रेघ चार बोटं वर सरकवायचे. तीन वर्षं झाली, मग तो यायचाच बंद झाला.

आम्ही कप आणला. खोटं कशाला बोलू, डिव्हिजनच्या स्पर्धेत सगळ्यात जास्त गोल माझे. सगळे धडका देऊन. बॉल स्टिकपाशी ठेवून माणूस चुकवायला मी कधी शिकलोच नाही. गरजच पडली नाही, आणि सरांनाही ती शिकवायची गरज पडली नाही.

प्रॅक्टिसनंतर टीमला उकडलेली अंडी मिळायची. फक्त टीमला.

ज्याच्या घरी दूध, त्यालाच अंडं. वा रे सर!

मग व्हायचं तेच झालं. माझी वाढ सोळाव्या वर्षी थांबली. पाच फूट चार इंच. खेळाच्या सर्टिफिकेटवर उस्मानाबादच्या कॉलेजात सीट मिळाली, पण तोवर सगळ्यांनाच मिशा आल्या होत्या. माझ्याकडं नुसता खांदा होता. आता तो त्यांच्याकडंही होता.

आणि बाळू? दहावीनंतर ढोकीकडं ऊस भरायला गेला आणि दोन हंगामांत ताडासारखा वाढला. माझ्यापेक्षा वीतभर उंच. संध्याकाळी पडीक रानात पोरं गोळा करून अजून खेळायचा.

सुट्टीत मी त्याच्या घरी जायचो. बाळूसाठी कमी, त्याच्या बहिणीसाठी जास्त. सुशीला.

ती चुलीपाशी बसून मला छळायची. "का ओ, गोल मिशीनं मारायचा का तुमी?"

बाळू खो खो हसायचा. मी पाणी मागायचो. तिनं तांब्या द्यावा म्हणून मला दिवसातून दहादा तहान लागायची.

त्याच साली एका सहकारी साखर कारखान्यानं हॉकी टीम काढायची ठरवली. टीममध्ये आला की नोकरी परमनंट. निवडणार कोण? आमचे सर.

मी बाळूला घेऊन गेलो. अर्धा तास खेळला. सरांनी तोंडातली शिट्टी काढली.

"आरं, हे पोरगं इतके दिवस कुठं होतं?"

बाळू म्हणाला, "तुमच्या भिंतीपाशीच हुतो की, सर. तीन वर्सं."

सरांना आठवलंच नाही. "आसंल, आसंल," म्हणून हसले.

बाळूला नोकरी लागली नाही, हे आधीच सांगून टाकतो. तो शेवटपर्यंत हंगामीच राहिला. सुशीलाला आळंदकडं दिलं. लग्नाला मी गेलो नाही.

निवडीच्या त्या दिवशी बाळू बाहेर ओट्यावर बसला होता. मी आत, सरांच्या खोलीत. टेबलावर फॉर्म.

"शाळेत डिव्हिजन खेळल्याचं सर्टिफिकेट जोडायचंय," सर म्हणाले. "त्याच्याकडं न्हाय. तुझ्याकडं हाय. तुझं नाव लिहितो." आणि लिहिलंच.

"तुम्ही खेळवलं नाही म्हणून त्याच्याकडं नाही, सर."

"मग आता काय मागं जाऊन खेळवू? नियम हाय."

"मला खेळता येत नाही. तुम्हाला पक्कं माहीत आहे."

"येडा का खुळा तू? परमनंट नोकरी हाय. उद्या पोरगी मागायला गेलास तर कोण न्हाय म्हणंल?"

कुणाच्या दारात मागायला जायचं होतं, ते सरांना ठाऊक नव्हतं. त्याच घरात जायचं होतं मला. बाळूची नोकरी खिशात घालून.

सरांच्या हातातला पेन घेतला आणि माझं नाव खोडलं. कॉलेजची सीटही त्याच आठवड्यात सोडली. तीही खांद्यावरच मिळालेली.

"बस खाली. डोकं थंड कर," सर म्हणत होते.

श्रद्धांजल्या ग्रुपवर ढीगभर आहेत, सर, त्यात माझी शोधू नका. तुमचा निरोप मी तेव्हाच घेतला.

"तुमची टीम तुम्हाला लखलाभ," एवढंच म्हणालो, बाहेर आलो आणि दार धाडकन लावलं.