घाटात ‘सोड’ कुणी म्हणत नाही

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बैल धुणं. शिनोली गावाच्या खाली, नदीच्या पाण्यात. बबन शेपटीकडून घासत होता, मी मानेकडून. मग काठावर बसून चहा प्यालो. बबन कप डाव्या हातानं धरायचा. दोन वर्षांपूर्वी परदेशात उंटानं उजवा हात फोडला, तेव्हापासून त्याची बोटं मिटत नव्हती. “किसन, ह्या बैलाला तुझ्यापरास जास्त अक्कल हाय,” तो म्हणाला. मी म्हणालो, “म्हणूनच तो तुझ्याशी बोलत नाय.” अर्ध्या तासानं त्याच बैलानं त्याला मारलं…

माझी शाळा चौथीपर्यंत. गोड लिहिता येत नाही, घडलं तसं सांगतो. आमची दोस्ती घाटातली, म्हणजे बैलगाड्यांची शर्यत पळते त्या धावपट्टीवरची, चाळीस वर्षांची. माझी बायको गेली तेव्हा मी घराबाहेर पडेना. बबनचा संतोष दुबईत गाडी चालवतो. त्यानं बापाला तिकीट पाठवायचं ठरवलं, तर बबन म्हणाला, दोन पाठव, नायतर येत नाय. मला म्हणाला, “भिंतीकडं बघत बसायचं असंल तर तिकडं भिंती लई उंच हायेत. चल.” गेलो. शहर बघितलं. सगळी काच, आणि रस्त्यावर पायी चालणारं माणूस नाही. प्रत्येक इमारतीपुढं मान वर करून बबन पोराला विचारायचा, “संत्या, ह्यांचा गोठा कुठल्या मजल्यावर असतो रं?” वर्षभरानंतर मी पहिल्यांदा हसलो ते तिथं.

तिसऱ्या दिवशी संतोष आम्हाला वाळवंटात घेऊन निघाला. दोन्हीकडं वाळू, मधून डांबरी रस्ता, त्यावर ट्रक सुसाट. वाटेत चाक पंक्चर झालं. ते बदलून संतोष समोरच्या पंपावर पाणी आणायला गेला. तेवढ्यात शर्यतीच्या उंटांची रांग चालली होती, त्यातला एक दोर तोडून सुटला आणि सरळ ट्रकच्या रस्त्याकडं धावला. मधे बबन उभा. मी ओरडलो, “बबन, धर!”

आमच्या घाटात रीत आहे. सुटलेल्या बैलापुढं ज्याचं नाव घेऊन ‘धर’ म्हटलं, त्यानं मागं सरायचं नाही आणि मागं वळून बघायचंही नाही. जो सरला त्याला गाव पुढं वर्षभर हसतं. बबन सरला नाही. त्याचा हात वेसण धरायला नाकाकडं गेला. त्या उंटाला वेसणच नव्हती. हात तोंडात गेला. उंटानं कोपराखाली चावा घेऊन त्याला उचललं, आपटलं, परत उचललं. हाड मोडलं ते ऊस मोडल्यासारखं ऐकू आलं. जॅकचा दांडा वाळूत पडला होता, तो घेऊन मी उंटाच्या जबड्यावर, डोळ्यावर घाव घातले. रक्त आणि फेस माझ्या तोंडावर उडाला, तेव्हा त्यानं सोडलं. उंटवाला धावत आला आणि माझ्या पाठीत काठी घातली. बरोबरच होतं, त्याचं जनावर मी फोडलं होतं. मग त्यानं बबनचा हात बघितला. काठी फेकली, डोक्याचं फडकं सोडून हाताला आवळलं, आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंत बबनचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

संतोष रडत विचारत होता, कसं झालं. बबननं माझ्याकडं एकदा बघितलं. “मलाच खाज आली व्हती,” म्हणाला.

गावातही तेच. घोडेगावला चहाच्या टपरीवर तो हा किस्सा सांगायचा. प्रत्येक खेपेला उंट हातभर वाढायचा, पण माझं नाव कधी आलं नाही. त्याच्या घरी मी जेवायला बसलो की वहिनी त्याला माझ्यासमोर शिव्या द्यायच्या, “कुणी सांगितलं व्हतं मरायला पुढं जायला?” बबन हसायचा. मी भाकरी मोडत राहायचो.

त्या दिवशी चहा पिऊन बैल घेऊन रस्त्यावर आलो आणि एका ट्रकचा टायर फुटला. बैल उसळला. बबननं जुन्या सवयीनं उजवा हात वेसणीला घातला. बोटं मिटली नाहीत. मी ओरडलो, “बबन, सोड!” हा शब्द घाटात कुणी म्हणतच नाही. चाळीस वर्षांत त्यानं माझ्या तोंडून तो ऐकला नव्हता. त्यानं वळून माझ्याकडं बघितलं… आणि शिंग बरगडीखाली घुसलं.

मी काय केलं तेही लिहितो. मी दगड उचलला आणि लोकांनी मागून धरेपर्यंत बैलाच्या तोंडावर मारत राहिलो. तेवढा वेळ बबन डांबरावर एकटा पडला होता. त्या परक्या उंटवाल्याला जे सुचलं ते मला सुचलं नाही.

दशक्रियेला नदीवर भाषणं झाली. एकजण म्हणाला, बबनभाऊ धाडसी, पण हट्टी. उंटाच्या नादाला लागले नसते तर हात शाबूत राहिला असता, आज माणूस दिसला असता. दुबईहून आलेल्या संतोषनं होकाराची मान हलवली. वहिनी खाली बघून बोलल्या, “स्वतःच्या खाजेनं गेला.” मी तिथंच बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि त्यांच्या गोठ्यात गेलो. वहिनींच्या हातात बादली होती. म्हणालो, “वहिनी, उंटाला धर म्हणून मीच ओरडलो व्हतो. तो खोटं बोलला, मी गप बसलो.” त्यांनी बादली फेकून मारली. कपाळ फुटलं. बादली उचलून परत मारली, ती खांद्यावर बसली.

“दोन वर्सं माझ्या हातचं जेवलात, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “आन् मी त्या माणसाला शिव्या घालीत व्हते.”

मग त्या चुलीपाशी जाऊन बसल्या. बैल हंबरला. दहा दिवसांत कुणी त्याच्याजवळ गेलं नव्हतं, पाण्याचं घमेलं बांबूनं पुढं ढकलायचे. मी बादली उचलली, तिला पोचा पडला होता. भरली आणि आत गेलो. त्याच्या नाकावर माझ्या दगडाची जखम होती. मला बघून तो दावं ताणेपर्यंत मागं सरला. मी बादली खाली ठेवली आणि तो पाणी पिईपर्यंत तिथंच उभा राहिलो.