बाहीखालची यादी

तहसील कार्यालयात दाखले देणारा तो बाबू दिवसाची कामं डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, पेननं लिहायचा, कारण चिठ्ठ्या हरवायच्या. एक फाइल उघडी टाकून दुसरी घ्यायचा. राहिलेल्या फाइली सुटीच्या दिवशी येऊन संपवायचा. एका मुलीचा दाखला राहिला, तेव्हा मी आमच्या पेपरात ‘आळशी बाबू’ अशी बातमी दिली. दाखला घेऊन तो स्वतः मोटारसायकलनं तिरोड्याला तिच्या कॉलेजात गेला होता, हे नंतर कळलं.

“आळस नाही भाऊ,” तो म्हणाला. “नागपूरच्या डॉक्टरनं एडीएचडी सांगितला. लक्षच टिकत नाही. लय थकून राहिलो.”

“खुलासा छापू?”

“नको. आळशी चालते. हे छापलं तं पागल म्हणतीन.”

मला हायसं वाटलं. पुढच्या मे महिन्यात, भर उकाड्यात, तो पूर्ण बाहीचा शर्ट घालून, मनगटाचं बटण लावून बसला होता.