नाव गुप्त ठिवू म्हणाले

आमचा नागोजी म्हंजे सरळ माणूस. सरळ कसला, खुळा! मी त्याची थोरली भन, बायाक्का. वडगावात आमची दोघांची घरं एकाच भिंतीला, त्यामुळं मला बोलायचा हक्क हाय. मागावर साडी विणताना ताण्यातला धागा तुटला तर बाकीचे काय करत्यात? रेटत्यात. घडी घातल्यावर कोण बघतंय! ह्यो न्हाय. ह्यो माग थांबवणार, गाठ मारणार, मगच बटण दाबणार. आमचे वडील, आप्पा, म्हणायचे, "ह्येच्या हातनं साडी व्हईल, संसार व्हायचा न्हाय."

दोन मागांवर पोट भरंना म्हणून नागोजीनं पाण्याच्या टाकीवर पहारेकऱ्याची नोकरी धरली. माग त्याची बायको सुवर्णा बघायची. टाकी सरकारी, पहारा कंत्राटदाराचा. कागदावर पहारेकऱ्यांची पलटण, जाग्यावर एकटा आमचा नागोजी. मागच्या दाराची कडी मोडलेली, टाकीच्या झाकणाला कुलूप न्हाय, क्यामेऱ्याला वायरच न्हाय. दारुडे खुशाल वर चढून बसायचे. "आक्का, कुणी पाण्यात काय कालवलं तर? शाळंतली पोरं ह्येच पाणी पित्यात गं," म्हणायचा. कंत्राटदाराला सांगितलं तर त्यो नुसता हसला.

टाकीच्या फाटकावर सरकारचाच बोर्ड हुता. कुठं हयगय दिसली तर ह्या नंबरावर कळवा, तुमचं नाव गुप्त राहील. नागोजीनं फोन लावला. मी म्हटलं, "नाव सांगू नगंस." तर म्हणतोय कसा, "नाव झाकून बोलायला मी काय चोर हाय?" स्वतःचं नाव सांगितलं, बाचं सांगितलं, गल्ली सांगितली. आमच्यात खोडच हाय ही. जत्रेत गाऱ्हाणं घालताना पुजाऱ्याला नाव, गाव, घराणं सगळं सांगायचं, न्हायतर देवीला कळायचं कसं गाऱ्हाणं कुणाचं? ह्या खुळ्यानं सरकारला देवी समजलं.

आठवडा गेला नसंल, कंत्राटदार घरी आला. मोबाईल काढला आणि नागोजीला नागोजीचाच आवाज ऐकवला. "मी नागोजी बोलतोय, वडगावचा..." मी दारातच हुते. "आवाज वळखीचा वाटतोय का रं?" एवढंच म्हणाला आणि गेला. शिवी न्हाय, हात उगारणं न्हाय. त्याचंच जास्त भ्या वाटलं. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली.

मग देवीची जत्रा आली. त्या दिवशी आमच्यात माग बंद असत्यात आणि आख्खी गल्ली देवळात. गल्ली गप झाली म्हंजे घरात कोण न्हाय, हे सगळ्या गावाला ठाऊक. परत आलो तर दोन्ही मागांवरचे ताणे मधनंच कापलेले. साडी उतरली तरी आम्ही माग रिकामा ठेवत न्हाय. जुन्या ताण्याची शेवटं तशीच राखायची आणि नव्याचा एकेक धागा त्यांना गाठायचा. ती शेवटंबी उपसून टाकलेली, आता नवा ताणा गाठायचा कशाला? सुवर्णानं हंबरडा फोडला, घरातलं माणूस गेल्यावर फोडावा तसा. आणि मागावर ऋतिकाची, त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरीची, ओढणी घडी घालून ठेवलेली. आतल्या दोरीवर वाळत हुती ती. आता पाळी पोरीची, असंच सांगितलं की त्यांनी.

पोलीस ठाण्यात गेलो. "चोरीला काय गेलं?" काय न्हाय. "मग? उंदरानं कापलं असंल." उंदीर ओढणीची घडी घालतोय व्हय रं मुडद्या, असं व्हटावर आलतं. गिळलं.

पोरीचं कॉलेज बंद झालं. "आक्का, माझं कायबी होऊ दे, पर पोरीला काय झालं तर मी जगायचा न्हाय," म्हणून नागोजी माझ्या पायाशी बसून रडला. मग माझाबी राग गळाला. जिथं त्या बोर्डावरच्या नंबराचा फोन उचलत्यात त्या मोठ्या हापिसात मी त्याला घिऊन गेले. आधी नुसतं कानडीत "नाळे बर्री", म्हंजे उद्या या, उद्या या. हेलपाटे घालून चपला झिजल्या, तवा एका साहेबानं बसवून घेतलं. माणूस वाईट न्हवता, पाणी दिलं. तक्रार करणाऱ्याला संरक्षण द्यायचा नियम हाय, म्हणाला.

"मग द्या की साहेब," नागोजीनं हात जोडले.

"पण तक्रार तुमचीच कशावरनं?"

"माझं नाव सांगितलंय की मी. बाचंबी सांगितलंय."

"ते गुप्त असतंय. उघडून बघायचा मला अधिकार न्हाय. आणि नाव कळल्याबिगर संरक्षण कुणाला देऊ?"

मी उठलेच. "आख्ख्या वडगावाला ठाऊक हाय, कंत्राटदाराच्या मोबाईलात हाय, आणि फकस्त तुमच्याकडं गुप्त? वा रं तुमचा कारभार!" साहेबानं रांगेत आमच्या मागं हुता त्या माणसाला हाक मारली.

बाहेर येऊन बसची वाट बघत हुतो, तवर नागोजीचा फोन वाजला. नंबर बघून त्यानं त्यो माझ्या हातात दिला, मग मीच उचलला. कंत्राटदार! आवाज कसा, तर साखरंवाणी.

"नागोजीअण्णा, पहारा मागायला गेलतास म्हणं? तिकडं कशाला हेलपाटा? पहारेकरी पुरवायचं काम माझंच न्हवं का? लावलीत दोन माणसं तुझ्या दारात. पोरगी घरीच हाय न्हवं?"

शेजारी कान लावून ऐकणारा नागोजी बसची वाट न बघता पळत सुटला. मी मागनं, चपला हातात घिऊन. गल्लीत पोचलो तर उंबऱ्यावर दोघं बसलेले, अंगावर नागोजीचा हुता तसाच खाकी डगला. टाकीवर कधी डोळ्यानं न दिसलेले पहारेकरी आमच्या दारात हजर! आत मायलेकी कडी लावून एकमेकीला धरून बसलेल्या.

अजून बसत्यात ते रोज. नागोजी दुकानाला जाताना त्यांना विचारून जातोय. टाकीवर मातूर कोण न्हाय.